फ्रिजवरचा तक्ता

३ जून, सोमवार. सकाळी ६.
आजपासून राग बंद. काल ध्यानवर्गातल्या ताई म्हणाल्या, आधी मनातली भावना ओळखा, मग डोळे मिटा. नाहीतर नुसती झोप लागते. सगळे माझ्याकडे बघून हसले. मी घोरतो ही अफवा आहे. वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतोय. मला दिसत नाही असं काही नाही.

संध्याकाळी. दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यासारखा भावनांचा तक्ता करून फ्रिजवर लावला. शांत, आनंदी, उदास, घाबरलेले, चिडलेले. घरात तिघं. रोज सकाळी पेन्सिलीने खूण करायची. रविवारी वर्गात वाचून दाखवणार. बायको म्हणाली, तिथे प्लंबरचा नंबर होता, तो कुठे फेकलात? हिचं अध्यात्म कच्चं.

४ जून.
मी: शांत. बायको: चिडलेली (प्लंबर). लेक: उदास.
लेकीची ओळ चुकली असणार. रविवारी हॉस्टेलला निघायचंय, एवढं चांगलं कॉलेज मिळालंय, उदास कशाला? तक्ता वाचताना गिऱ्हाइकांचीही अशीच ओळ सरकते. खोडून 'शांत' केलं.

५ जून.
पुन्हा उदास. पुन्हा खोडलं.
संध्याकाळी म्हणाली, बाबा, जरा बोलायचं होतं. मी ध्यानाला बसतच होतो. साडेसातला ये म्हटलं. आली तेव्हा म्हणे मी घोरत होतो. दीर्घ श्वसन होतं ते.

६ जून.
एक गृहस्थ तिसऱ्यांदा काच बदलायला आले. दोष काचेत नाही, तुमच्यात आहे, असं शांतपणे सांगितलं. दुकान लहान, म्हणून आवाज घुमतो. मदतनीस बाई बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. राग: शून्य.
लेक: घाबरलेली. खोडलं. नजर तपासायलाच हवी.

७ जून, शुक्रवार.
तिला दुकानात नेलं. खुर्चीत बसवून एकेक काच बदलत विचारलं, कशातून स्पष्ट दिसतं. ती म्हणाली, बाबा, मला जायची खूप भीती वाटतेय. म्हटलं, आधी शेवटची ओळ वाच. वाचली. एकही अक्षर चुकलं नाही. नंबर नाही.
डोळ्यांत पाणी होतं. औषधाच्या थेंबांनी येतं. थेंब घातले होते का, आठवत नाही.

८ जून.
बायकोने विचारलं, लेकीच्या खुणा कोण खोडतंय? ही दुरुस्ती आहे, म्हणालो. ती म्हणाली, खोडून पोरीची भीती गेली असती, तर तुमच्या रबराला हार घातला असता. मी शांत. दार आपटलं ते वाऱ्याने. खिडक्या बंद होत्या, पण वारा कुठूनही येतो.
उद्या स्टेशनपर्यंत चाळीस मिनिटं आहेत. एक शब्द न बोलता तिचं ऐकणार.

९ जून, रविवार. दुपारी.
वाटेत तिला भावना ओळखण्याचं महत्त्व समजावलं. अर्ध्यातच स्टेशन आलं. येते बाबा, म्हणाली. वेळेवर जेव, म्हणालो.
वर्गाला गेलो नाही.
तक्त्यावरच्या माझ्या पाचही दिवसांच्या 'शांत' खोडल्यात. पाचही खुणा 'घाबरलेले'वर. लेकीचं काम. पेनने केलंय. रबराने निघत नाही.
ओळ चुकली असंही म्हणता येत नाही. तिचे डोळे मीच तपासलेत.