मिरचीच्या पानांवरचे पिवळे चट्टे

अण्णा, तुमच्या मिरच्या मरताहेत. पाच कुंड्यांतली तीन रोपं मी स्वतः उपटली, चौथ्याच्या पानांवर काल पिवळे चट्टे दिसले, आणि घरात आता एकही बी शिल्लक नाही. गेल्या वर्षी माकडांनी गच्चीवर असा धुमाकूळ घातला की पिकलेली एक मिरची हाती लागली नाही, म्हणून यंदा होतं नव्हतं ते सगळं पेरलं. तुम्ही जाऊन तेरा वर्षं झाली. तुम्ही जन्मभर राखलेलं बी माझ्या हातून संपतंय आणि मला काही म्हणजे काही सुचत नाहीये.

आधी वाटलं, पाणी जास्त झालं. पाणी तोडलं तर रोपांनी माना टाकल्या. मग तुमच्यासारखं एकेक पान उलटं करून पाहिलं, भिंग घेऊन. फुलकिडे नाहीत, पांढरी माशी नाही, मावा नाही, एक किडा दिसेल तर शपथ! तरी कडुनिंबाचं तेल फवारलं, आंबट ताक फवारलं. मुलाने फोनवर फोटो काढून सांगितलं, "मम्मी, कॅल्शियम कमी आहे," म्हणून अंड्याची टरफलं आणली, आपल्या घरात! पानं आणखीच आकसली. रोज सकाळी चहाच्याही आधी वर जाऊन पान न् पान चाचपत होते, तापलेल्या पोराचं कपाळ चाचपावं तसं.

शेवटी एक फांदी पिशवीत घालून नर्सरीवाल्याकडे गेले. त्याने हातही लावला नाही. "अम्मा, इसकू दवा नक्को डालो, कुछ नै होता. उखाड के जला दो, बाजूवाले बच जाते." मग विचारतो, "घर में कोई तंबाकू खाते क्या? तंबाकू का हाथ लगा तो बी आती ये बीमारी." मी ताडकन म्हणाले, "हमारे यहाँ कोई नहीं खाता." आणि रिक्षात बसल्यावर रडूच कोसळलं. खात नाही, पण लावते. अफझलगंजच्या बाजारातून आणलेली तंबाखूची तपकीर, आईसारखीच, उठल्याबरोबर बोटाने दातांना. ते बोट नळाखाली धरायचं, पदराला पुसायचं, की थेट गच्ची. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! इतकी वर्षं रोपं तुमचे जावई बघायचे. यंदा गुडघ्यांपायी त्यांचा जिना सुटला आणि सगळं माझ्याकडे आलं.

तुम्ही आईला साबणाने दोनदा हात धुतल्याशिवाय मिरचीजवळ फिरकू द्यायचा नाहीत. ती रुसायची, "मी काय विटाळाची आहे?" मीही तिची बाजू घेऊन भांडले होते, "मास्तर म्हणवता, आणि हे कसलं सोवळं?" तुम्ही गप्प पाणी घालत राहिलात. अण्णा, चार शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? वर्गभर पोरांना झाडांचे रोग शिकवलेत आणि घरात तोंड उघडलं नाहीत. आईच्या तपकिरीचं गुपित आम्हा पोरांसमोर काढायचं नव्हतं तुम्हाला, हे आता कळतंय. तुमचा राग येतो आणि स्वतःची लाज वाटते.

पाचवं रोप अजून हिरवं आहे, चार फुलंही आलीत. मी जवळ जात नाही. कंबर धरलीय म्हणून सूनबाईला सांगितलंय, ती बिचारी पाणी घालते. पण मी त्यालाही आधी हात लावलेलाच आहे. डाग दिसायचे तेवढे बाकी असतील, या धास्तीने जेवण जात नाही.

हे पत्र कुठे टाकणार? उशीखाली राहील. पण एक सांगायचंय. बी माझ्या हवाली केलंत त्या दिवशी तुम्ही हळूच विचारलं होतं, "तुझी सुटली ना गं?" मी म्हणाले, "केव्हाच." तुम्ही मान डोलावलीत आणि पुडी माझ्या हातावर ठेवलीत. डबी तेव्हा माझ्या कमरेलाच होती, अण्णा. आत्ताही आहे.