स्क्रूवरचा लाल ठिपका

बाबा, आज ते करडं गेमचं मशीन उघडलं. सिमेंट कारखान्याच्या कॉलनीतल्या साहेबांनी दुकानात टाकून दिलेलं, जे तुम्ही आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. गडचांदूरचं घर रिकामं करून आईला चंद्रपूरला माझ्याकडे आणलं, तेव्हा तिच्या भांड्यांबरोबर हेही आलं. लिहायला बसले खरी, पण दुकानात आपण बोलायचो तसं लिहिता येत नाही. आयटीआयत शिकवून शिकवून माझी भाषा पुस्तकी झाली आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, पोरगी मॅडम झाली.

आपलं दुकान म्हणजे कारखान्याच्या रस्त्यावरची टपरी. पंखे, मिक्सर, टीव्ही आणि जयंतीच्या भोंग्यांचा अ‍ॅम्प्लिफायर. कॉलनीतलं काम आपल्याकडे कधी येत नसे. म्हणून साहेब ते मशीन घेऊन आले तेव्हा तुम्ही टेबल दोनदा पुसलंत. गेमची सीडी आत फिरायची, पण टीव्हीवर काही येत नव्हतं. आपल्या गावात काहीही बिघडलं की लोक सिमेंटच्या धुळीचं नाव घेतात, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. लेन्स ज्या दांडीवर सरकते तिच्यावरचं ग्रीस धुळीनं खडूसारखं झालं होतं. तुम्ही ते माचिसच्या काडीनं खरवडलंत, स्पिरिटनं दांडी पुसलीत, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिलात. लेन्सवरून कापूस फिरवताना मी श्वाससुद्धा घेतला नाही. आणि गेम सुरू झाला. अधूनमधून थोडा अडखळत होता. मी म्हटलं, "बाबा, अजून अटकून राह्यला." तुम्ही म्हणालात, "अटकू दे. लेन्स म्हातारी हाय, तिच्या चालीनं चालू दे तिले."

मग तुम्हाला भोंगेवाल्यानं बोलावलं, आणि मी एकटी उरले. दहावीत होते, दोन महिने तुमच्याजवळ बसून स्वतःला मोठी कारागीर समजत होते. लेन्सच्या बाजूला खसखशीच्या दाण्याएवढा एक स्क्रू असतो, लेसरचा जोर कमीजास्त करणारा. मी तो फिरवला. केसभरच, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगते, पण केसभरापेक्षा जास्तच असेल. गेम लोण्यासारखा चालू लागला. मी झाकण लावलं, सीडी फिरत ठेवली आणि ठरवलं की साहेब आले की त्यांच्यासमोरच सांगायचं, हे मी केलं. अंगात मस्तीच तेवढी होती. म्हाताऱ्या लेन्सला जास्त जोर दिला तर ती थोडा वेळ झकास चालते आणि मग जळते, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी साहेब आले तेव्हा सीडी नुसतीच फिरत राहिली. दुकानात चार माणसं उभी होती. साहेब म्हणाले, "नहीं आता था तो हाथ क्यों लगाया?" तुम्ही पुन्हा झाकण उघडलंत, वाकलात आणि बराच वेळ आत पाहत राहिलात. मी तुमच्या मागे टेस्टर हातात धरून उभी होते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मेरे हाथ से हो गया, साहब." साहेब मशीन तिथेच टाकून गेले. कॉलनीतून पुन्हा कोणी आलं नाही, आणि गावातलीही माणसं हळूहळू दुसऱ्या दुकानाकडे वळली. तुम्ही घरी आईला सांगितलंत, "डोये धरत नाई आता बारीक कामाले," आणि त्याच वर्षी टपरी सोडून चुनखडीच्या खाणीवर ठेकेदाराकडे वायरमन म्हणून गेलात. मला वाटलं, तुम्हाला खरंच वाटतंय की हात तुमचाच चुकला. मी ते तुम्हाला वाटू दिलं. तुमच्या शेवटच्या दिवशीसुद्धा बोलले नाही. याची मला लाज वाटते, बाबा.

मी शिकायला चंद्रपूरला निघाले तेव्हा तुम्ही तुमचा बारीक पेचकसांचा डबा माझ्या पिशवीत घातलात. म्हणालात, "कोणताबी स्क्रू फिरवाच्या पह्यले तो कुठी होता ते पाहून ठेव." मी हो म्हटलं आणि बस पकडली.

आज नवी लेन्स मागवून ठेवली होती. जुनी काढून उजेडात धरली तर त्या स्क्रूवर लाल रंग दिसला. अर्धा ठिपका स्क्रूवर, अर्धा खालच्या पत्र्यावर, आणि दोन अर्धे एकमेकांसमोर नाहीत. त्या दिवशी मी तो कंपनीचा रंग समजले असणार. आई शेजारी तरोट्याची भाजी निवडत बसली होती. तिनं चष्मा सरकवून पाहिलं.

"हे तं माही नेलपॉलिश व्हय."

"तुही? इथी कशी आली?"

"तुये बाबा नेत ना दुकानात. मशीन उघडली का पह्यले ठिपका टाकत. मंग कोणी फिरवलं तं समजे." ती पुन्हा भाजीकडे वळली. "माही शिशी कदी भरली राहेच नाई."

म्हणजे झाकण उघडून तुम्ही इतका वेळ हे पाहत होता. त्या मशीनला हात लावणारे आपण दोघंच होतो, आणि तुम्ही स्क्रू फिरवला नव्हता. मग मला काऊन नाही विचारलं, बाबा? एक थापड मारली असती तर त्याच दिवशी संपलं असतं. मला तुमचा राग आला आहे, खरं सांगते. भाजी निवडणाऱ्या आईसमोर रडता येईना म्हणून मी नवी लेन्स बसवत राहिले. मशीन चालू झालं. आई म्हणाली, आवाज कमी कर.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. दरवर्षी नव्या बॅचला मी असा स्क्रू दाखवते, आणि उदाहरण तुमचं देते. माझ्या वडिलांनी घाईघाईत असाच स्क्रू फिरवला, लेन्स जाळली आणि चालतं दुकान घालवलं, असं. पोरं हसतात. मीही हसते.