घासलेला घोडा

प्रिय छोट्या,

'प्रिय' हा शब्द सवयीने लिहिला गेला. खोडला असता तर पान खराब दिसलं असतं, म्हणून राहू दिला. तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू 'ताई गं' म्हणत लाडात येतोस आणि माझा राग अर्ध्या वाटेतच पाघळतो. कागदावर तुझं हे चालत नाही. तेव्हा गुमान वाच.

येत्या रविवारी बाबांना घेऊन तू भिंगमामांच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात जाणार आहेस. आजवर मी जायचे, यापुढे तू. असं का झालं ते तुला माहीत आहे. ते मलाही कळलंय, हे मात्र तुला माहीत नसावं. त्यावर शेवटी येते. आधी नाणं कसं निवडतात ते सांगते, कारण बाबांच्या नाण्यांच्या पेटीशेजारी लहानाचा मोठा होऊनही तू ते शिकला नाहीस. शिकला असतास, तर त्या पेटीची ही दशा केली नसतीस.

बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. जाताना त्यांनी पेटीची आपली किल्ली विश्वासाने तुझ्या हातात ठेवली. तू गच्चीत वर्तमानपत्र पसरलंस, जुना ब्रश आणि टूथपेस्ट घेतलीस, आणि दात घासावेत तशी त्यांची नाणी घासलीस. तुझ्या बायकोने मला सगळं सांगितलं. ती म्हणाली होती, 'अहो, आधी ताईंना तरी विचारा.' त्यावर तू म्हणालास, 'त्यात काय विचारायचं? पट्टी सुटल्यावर बाबांना सगळं लख्ख दिसू दे.' तू जुन्या मोटारी विकतोस. गिऱ्हाईक यायच्या आत बॉनेटवर फडकं मारलं की तुझं काम झालं. पण चांदीवर जी काळसर निळी झाक असते तो मळ नसतो रे. ती चढायला एक आयुष्य लागतं आणि उतरायला तुझा चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो. एकदा गेली की गेली. मग डोकं आपटलंस तरी परत येत नाही. तुझ्या बायकोने एकेका नाण्याचा फोटो पाठवला. फोटोतसुद्धा सगळीकडे केसासारखे ओरखडे दिसतात. मी दिवसभर एक्स-रे काढते, राखाडी रंगाच्या छटा ओळखण्यावर माझं पोट आहे. तरी ते फोटो मला दुसऱ्यांदा बघवले नाहीत.

बाबांनी जन्मभर लोकांच्या कवळ्या केल्या. 'अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं' म्हणायचे. कामावरून आले की हात धुऊन पेटी उघडायची, एवढाच त्यांचा शौक. पेटी केवढी, तर शाळेच्या वहीएवढी. आत मखमल आणि मोजके खाचे. खाचे वाढवायचे नाहीत, हा त्यांचा नियम. नवं नाणं हवं असेल तर ते आतल्या एखाद्यापेक्षा सरस पाहिजे, आणि मग त्या आतल्याने बाहेर जायचं. तुला यातलं काही पटायचं नाही. तू बिस्किटांच्या डब्यात बटणं, चकत्या, बाटल्यांची झाकणं, जे गोल दिसेल ते भरायचास आणि डबा वाजवत यायचास, 'बाबा, माझी जास्त झाली.' बाबा हसून हसून बेजार व्हायचे. मी मात्र कोणतं नाणं का काढलं, हे पाठ करून बसलेली असायचे. मला 'बरोबर' मिळायचं, तुला हसू मिळायचं. तेव्हापासून तुझा राग येतो, असं म्हटलंस तर मी नाही म्हणणार नाही.

ते घोड्याचं नाणं आठवतंय का? तुला कसं आठवेल. त्याच्यासाठी आम्ही कित्येक वर्षं भिंगमामांच्या काउंटरपाशी उभे राहिलो. एक घोडा आला तो झिजलेला होता. दुसऱ्याचा पुढचा पाय पुसट होता. मी म्हटलं, हाही झिजलाय. भिंगमामांनी मला बाजूचा काठ दाखवला, कोरा करकरीत. झीज वेगळी आणि मुळात छापच कच्ची बसणं वेगळं, हे मी त्या दिवशी शिकले. मग एक असा आला की माझा जीव भुलला. आरशासारखा चकाकत होता. बाबांनी एकदा उजेडात फिरवला आणि खाली ठेवला. 'घासलाय.' मी म्हटलं, 'पण किती सुंदर दिसतोय.' 'दिसतोय ना. पण खोटं बोलतोय.' त्यानंतर खूप दिवसांनी आमचा घोडा आला. डोळा शाबूत, आयाळीचा केस न् केस मोकळा, आणि काठाशी ती निळी झाक. बाबा घरी येईपर्यंत खिशातून हात काढत नव्हते. त्याच्यासाठी त्यांनी जे नाणं बाहेर काढलं ते त्यांनी आयुष्यात घेतलेलं पहिलं होतं. आईने विचारलं, 'वाईट नाही वाटत?' म्हणाले, 'वाटतं. पण कीव आली म्हणून ठेवायला ही धर्मशाळा नाही.' आणि तो घोडा, छोट्या, तू टूथपेस्टने घासलास.

तर आता ऐक. नाणं काठाने धरायचं, तोंडावर अंगठा ठेवायचा नाही. आधी भिंगाशिवाय बघायचं, हातभर लांब धरून. तसं आवडलं तरच भिंग लावायचं. चित्राकडे सगळेच बघतात, तू चित्राभोवतीच्या मोकळ्या जागेकडे बघ, ओरखडे तिथे सापडतात. चकाकी दिसली की आधी संशय घे. नाण्याच्या पाकिटावर काय लिहिलंय ते शेवटी वाच. भिंगमामा फसवणार नाहीत, पण गिऱ्हाईक उतावळं असेल तर थांबवणारही नाहीत. आवडलं की बाहेर जाऊन चहा पिऊन ये. चहा पिताना दुसरंच नाणं आठवत राहिलं, तर ते घे. आणि खाचा रिकामा दिसतो म्हणून काहीही आणून भरू नकोस. रिकाम्या खाच्याने कुणाची अब्रू जात नाही. तुला मात्र घरात काही रिकामं राहिलेलं बघवत नाही.

आता शेवटचं. पट्टी सुटल्यावर बाबांनी मला फोन केला. नेहमीसारखं 'जेवलीस का' नाही, काही नाही. म्हणाले, 'दुसरा कुणी असता तर समजलो असतो. तू असं करावंस?' मला वाटलं, त्यांचा काहीतरी घोळ झालाय. मग ते म्हणाले, 'छोट्याने सांगितलं, तू एक दुपार येऊन गेलीस आणि सगळी साफ केलीस. बिचारा घाबरत घाबरत बोलला.' माझ्याकडे दुसरी किल्ली आहे, आणि मी त्यांना दवाखान्यात भेटायला आले तेव्हा तुमच्याकडे एक दुपार थांबले होते, तेवढं तुला पुरलं. त्या क्षणी एका वाक्यात तुला उघडं पाडता आलं असतं. वाक्य जिभेवर होतं. पण बाबा तुझ्या घरात राहतात. तुझ्या टेबलावर जेवतात, तुझ्याकडून डोळ्यांत थेंब घालून घेतात. ज्याच्यावरून मन उडालं त्याच्याच हातून औषध घेत बसायचं, हे या वयात त्यांच्या वाट्याला का यावं? माझ्यावर रागावणं त्यांना परवडतं, मी लांब आहे. म्हणून मी म्हटलं, 'हो बाबा, चुकलं.' ते म्हणाले, 'किल्ली पाठवून दे.' ती या पत्रासोबत आहे. हे मी तुझ्यासाठी केलं असं समजून भाव खाऊ नकोस. तुला मी माफ केलेलं नाही आणि एवढ्यात करणारही नाही. खरं सांगायची हिंमत झालीच तर सांग. पण आपलं मन हलकं करायला म्हणून त्यांचं घर जड करू नकोस. रविवारी ते एखादं नाणं उचलून तुझ्या हातात देतील. त्यांना अजून बारीक दिसत नाही, म्हणून विचारतील, 'काय दिसतं?' त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी ठोकून देऊ नकोस. कळलं नाही, तर कळलं नाही म्हण. मग ते शिकवतील. मलाही त्यांनीच शिकवलं.

इलाज नाही म्हणून तुझीच,
ताई