शाईची रेघ

३ जानेवारी १९४६
आज दहिवलीत पोचले! पेणच्या मुलींच्या शाळेत तीन वर्षं खडू झिजवला, आता नर्सिंग शिकणार. दादा कर्जत स्टेशनापासून टांग्याने सोबत आला आणि ट्रंक खोलीत ठेवून लगेच परतला. दवाखाना ऐसपैस आहे. मागे उल्हास नदी. डॉक्टर अप्पासाहेब स्वतः शिकवतात. डॉक्टरी शिकणारे चार तरुण आहेत, शिकणाऱ्यांत बाईमाणूस मी एकटीच. स्वयंपाकाला पोशीर गावची भागूबाई. तिने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. दोनदा मागून घेतलं.

५ जानेवारी
नाडी मोजायला शिकले. डॉक्टर म्हणाले, मास्तरीण लवकर शिकते. पटकीची लस टोचून घेतली. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ती घ्यावीच लागते म्हणे.

९ जानेवारी
काल दुसरी लस झाली. सकाळपासून पावलं बधिर. डॉक्टरांना सांगितलं, तर ते खूश झाल्यासारखे वाटले. विद्यार्थ्यांना बोलावून त्यांनी माझ्या तळव्यांना टाचणी टोचली. जिथे मला कळलं तिथे, घोट्याच्या वर, शाईने रेघ ओढली. शशिकांत नावाच्या विद्यार्थ्याने वहीत तारीख टिपली. मला ओशाळल्यासारखं झालं. पण शिकायचं तर एवढं चालायचंच.

१२ जानेवारी
उभं राहता येत नाही. रेघ गुडघ्यावर आली. भागूबाई पायांना तेल चोळताना हळूच म्हणाली, "बाई, ती पटकीची सुई नाय. दिवाळीत आलेली पोरगीबी अशीच पायांनी गेली." ती आता कुठे आहे, असं मी विचारलं. भागूबाई तेलाची वाटी घेऊन उठली.

१४ जानेवारी
सुई नको म्हटलं. चौघांनी धरलं. शशिकांतने पाय धरले होते. पायांना धरायची गरज नव्हती.

१७ जानेवारी
रेघ कमरेवर. भागूबाईने नवऱ्याला, कोंडाजीला, गाडी घेऊन बोलावलं होतं. अंगणात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मी हाका मारल्या. डॉक्टर ओट्यावरून त्याला शांतपणे सांगत होते, "पटकी झालीय तिला. वातात बडबडतेय. आत जाऊ नकोस, घरी लेकरं आहेत तुझ्या."
मी आणखी ओरडले — म्हणून त्याला ते खरंच वाटलं. गाडी वळली. भागूबाईलाही नेलं त्याने.

१९ जानेवारी
शशिकांतची वही खाटेजवळच्या टेबलावर उघडी. माणसाची आकृती. घोटा, गुडघा, कंबर — रेघ आणि तारीख. वर खांद्याला २१. गळ्याला २४ —
आज १९ आहे.

२१ जानेवारी
उजवा हात गेला. डाव्याने लिहितेय. शशिकांत एकटा आला. रडला. म्हणाला, दादाला पत्र लिहितो, सांगा. मी सांगितलं — पेणचा पत्ता — ये, आजच ये, मला उचलून ने — तो भराभर लिहीत होता. पान भरलं. डोळे पुसायला वळला तेव्हा मी कागद ओढला —
माझा एकही शब्द नाही. लिहिलंय — वाचा स्पष्ट. स्मृती उत्तम. डावा हात