अक्षरा, दणक्या आणि एक शांत माणूस

३ जानेवारी, सकाळी ६.१०

नवीन वर्षाचा संकल्प दोन दिवस उशिरा लिहितोय. पहिले दोन दिवस डायरी कुठली घ्यावी यातच गेले. तर: नीटचा हा तिसरा अटेम्प्ट, आणि या वर्षी राग अजिबात नाही. मुळात मी शांत माणूस आहे. लोक उचकवतात, तो वेगळा विषय.

उदाहरणार्थ काल. नळाला पाणी नव्हतं म्हणून बादलीला एक लाथ घातली. बादली जिन्यावरून गडगडत खाली गेली. यात भूकंपाचा काय संबंध? पण घरमालकीण केवळाबाई किल्लारीकडच्या. तीस वर्षांपूर्वी झोपेतच त्यांचं गाव आडवं झालं. तेव्हापासून कुठे धप्प वाजलं की दाराला टांगलेली पिशवी उचलायची आणि थेट रस्ता. काल पाऊण तास समोरच्या मोकळ्या प्लॉटवर उभ्या होत्या. परत येऊन मला म्हणाल्या, "लेकरा, आनिक एक डाव तुझ्यापायी भुई हालल्यावानी झालं, की खोली खाली करायची."

वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, तर ठरलेलंच आहे. लातूर सुटलं की मुखेड, आपलं पाइप-फिटिंगचं दुकान, आयुष्यभर. म्हणजे माझं एमबीबीएस आता एका बाईच्या कानांवर अवलंबून आहे.

५ जानेवारी, दुपारी

रूममेट शहेबाज मुदखेडचा. बीसीए करतो, म्हणजे काही करत नाही. त्याने मोबाइलवर एक गेम बनवलाय, नाव 'रिपीटर'. म्हणाला, "खेळून बघ ना बे मल्ल्या, कुठं अडकून राहिलं ते सांग."

पळणं नाही, उड्या नाहीत. एक पोरगी दिसते, खाली तिचं बोलणं येतं, मग तीन पर्याय, त्यातला एक दाबायचा. वर पट्टी: 'जीव ० टक्के'. शंभर झाले की ती गंजगोलाईत, भर बाजारात सगळ्यांसमोर हो म्हणते. असले खेळ कमजोर मनाच्या पोरांसाठी असतात. मैत्रीखातर दहा मिनिटं बघतो.

संध्याकाळी ६

पोरीचं नाव अक्षरा. भेटल्यावर पहिलं वाक्य: "जेवलास का?"

दोन वर्षांत या शहरात मला हे कोणी विचारलेलं नाही. शहेबाज रोज विचारतो, पण त्याला डबा धुऊन टाकायचा असतो.

११ जानेवारी

जीव ३७ टक्के. टेस्टमध्ये ७२० पैकी १९८. दोन्हीकडे सुधारणेला वाव आहे.

गेममध्ये एक गुंड आहे, दणक्या. काळा टीशर्ट, कपाळावर आठी. मी अक्षराला घेऊन कुठेही गेलो की हा हजर. आज रसवंतीवर आला, "म्या लई शांत मानूस हाय" म्हणाला आणि बाकडं उलथं केलं. अक्षरा घाबरून घरी गेली. इतका ढोंगी माणूस मी जन्मात पाहिला नाही. याला मी सोडणार नाही.

१४ जानेवारी

सकाळी बायोचे दोन चॅप्टर ठरले होते. अक्षराने तिळगूळ दिला. मी गोड बोललो (पर्याय दुसरा). तर म्हणते, "तू चांगला आहेस रे, पण तुझी कधी कधी भीती वाटते."

माझी? एवढं खपून ३७ टक्के, वर भीती? "कशाची भीती?" असं विचारायचं तर तो पर्यायच दिलेला नाही. मोबाइल भिंतीवर मारला. म्हणजे निसटला, जोरात. भिंतीचा पोपडाही पडला.

नशीब, केवळाबाई हळदीकुंकवाला गेल्या होत्या. वाचलो.

मला अक्षरा आवडत नाही, हे आज स्पष्ट झालं.

१५ जानेवारी

सकाळी उठल्याबरोबर तिला सॉरी म्हटलं (पर्याय पहिला).

१९ जानेवारी

मोबाइलच्या काचेची डावी बाजू गेली आहे. तिथलं काही दिसत नाही. पर्यायांची फक्त शेवटची अक्षरं दिसतात. आणि आपली मराठी भाषा अशी, की खरं काम शेवटी. आज अक्षरा रस्त्यापलीकडे उभी होती आणि पर्याय आले:

…मार
…मार
…मार

मधला दाबला. शहेबाज म्हणाला, पहिला 'हाक मार', तिसरा 'चक्कर मार'. मी दाबला तो 'डोळा मार'. जीव ३७ वरून २२.

काच बदलायची तर आप्पांना सांगावं लागेल कशी फुटली. त्यापेक्षा अंदाजाने खेळतो. नीटमध्ये तेच तर करायचं आहे.

२ फेब्रुवारी

मेसवाल्या सिद्धलिंगने मला सगळ्यांसमोर "ओ रिपीटर, ताट उचला" म्हटलं. मी अत्यंत शांतपणे वरणाचं पातेलं उलथं केलं. दोन पोरांचे पाय पोळले, एकाची कॉलर माझ्या हातात राहिली. हे खोलीबाहेर झालं, त्यामुळे मोजायचं नाही.

शहेबाज मला ओढत घेऊन आला. माझ्या हाताला बर्फ लावत म्हणाला, "किती दिवस करून राहिला हे, यार?" मी म्हटलं, सुरुवात त्याने केली.

६ फेब्रुवारी

गेमचं नवीन व्हर्जन. दणक्या मेसमध्ये घुसतो आणि वरणाचं पातेलं उलथं करतो. शहेबाजला स्वतःचं काही सुचत नाही असं दिसतंय. मात्र त्या बिचाऱ्या पोरांचे पोळलेले पाय बघून माझं रक्त उसळलं. असल्या माणसाला चौकात बांधून फोडलं पाहिजे.

जीव ५८. अक्षरा आज हसली. हसताना चांगली दिसते. नंतर मैत्रिणीशी बोलतानाही तशीच हसली. मग माझ्याशी हसण्याला अर्थ काय? उशी फाडली. उशीचा आवाज होत नाही.

१० फेब्रुवारी, सकाळी ८

आज खरंच हादरा बसला. सातला मी केमिस्ट्री उघडून शांत बसलो होतो (शपथ). खिडकीची तावदानं वाजली, कॉट सरकली. गल्ली रिकामी, सगळे प्लॉटवर. केवळाबाई पिशवी छातीशी धरून सरळ माझ्याकडे आल्या. "मुडद्या, आता काय पाडलास?"

चार जणांनी सांगितलं, मावशी, खरंच जमीन हलली. पटेना. टीव्हीवर पट्टी आली तेव्हा पटलं. माफी नाही मागितली. माझी ताकद एवढी असती तर सिद्धलिंगची मेस आधी गेली असती.

पण त्या छातीशी धरलेली पिशवी सोडेनात. शहेबाज त्यांना धरून बसला होता, पाणी पाजत होता. मला वाईट वाटलं. मग मला वाईट का वाटावं याचा राग आला.

२३ फेब्रुवारी, दुपारी ४

घडलं ते असं. शहेबाजला म्हटलं, मला दणक्याच्या तंगड्या तोडायचा पर्याय टाकून दे. तो म्हणाला, "न्हाई टाकणार." मी विचारलं, का? तो की-बोर्डकडे बघत म्हणाला, "अबे, दणक्या तूच हाय ना."

मला हसू आलं. त्याने यादी काढली. रसवंतीवरचं बाकडं तूच उलथलंस, मेसमधलं पातेलं तूच. 'शांत मानूस'. मी म्हटलं, मग अक्षरा कोण? रोज "जेवलास का" विचारणारी? तो म्हणाला, "ते तर मीच विचारतो तुला. दोन वर्षं तुझ्यासंगं ऱ्हाऊन राहिलो, दुसरं कोणाचं लिहिणार?"

म्हणजे दीड महिना मी ज्या पोरीवर जीव टाकला, ती मिशी असलेली निघाली. तरी मी डोकं शांत ठेवलं. मी तसा नाही, हे त्याला मुद्देसूद समजावलं. तो म्हणाला, "बघ, आता बी दात खाऊन राहिला." मी किती शांत आहे हे त्याला पटेचना. शेवटी पटवण्यासाठी मी त्याच्या तोंडावर एक ठोसा मारला.

एकच. ओठ फाटला. तो लोखंडी कपाटावर गेला आणि कपाट त्याच्या बाजूला आडवं पडलं. खाली कडी वाजली. केवळाबाई पळाल्या. त्यांना पळताना बघून गल्ली पळाली. दहा तारखेपासून सगळेच घाबरलेले. प्लॉटवर चाळीस माणसं, लहान पोरं रडतायत.

शहेबाज रुमाल तोंडाला लावून खाली गेला. म्हणाला, "मावशी, काही न्हाई, कपाट माझ्या हातून पडलं."

केवळाबाईंनी त्याचा रुमाल बाजूला केला. कपाटाने काय होतं आणि माणसाने काय होतं, हे त्या बाईला कळतं. माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाल्या, "तीस वर्सं झाली. भुईला तरी कळत न्हवतं रे, ती काय करायली ते."

२४ फेब्रुवारी

शहेबाजला तीन टाके. सकाळी भाऊ येऊन त्याला मुदखेडला घेऊन गेला. जाताना शहेबाज माझ्याकडे बघून थांबला होता. मी पुस्तकात बघत होतो. पुस्तक उलटं होतं, हे नंतर लक्षात आलं.

डबा कोपऱ्यात तसाच. धुतला नाही.

२५ फेब्रुवारी, लातूर-मुखेड एसटी

खोली खाली केली. मुखेडला राहून जास्त अभ्यास होईल. गर्दी नाही, क्लासचा ताण नाही. टॉपर लोक घरूनच करतात.

अहमदपूरच्या पुढे गेम काढला. जीव ९६. गंजगोलाई, अक्षरा समोर, हो म्हणायला तोंड उघडलेलं, आणि दणक्या आला. हातात लोखंडी पाइप. पर्याय आले:

…मार
…मार
…मार

तिन्हीतला एक तरी डोक्यात घालायचा असेलच. पहिला दाबला.

तो 'मिठी मार' होता.

मी दणक्याला मिठी मारली. तो पाइप उगारून तसाच उभा राहिला. मग पाइप खाली पडला, आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. अक्षरा जवळ आली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला विचारलं, "जेवलास का?"

जीव १०० टक्के. गेम संपला.

कंडक्टरने विचारलं, काय झालं? म्हटलं, खिडकीतून धूळ लई येते. खिडकी बंद होती.

१७ मार्च, मुखेड, दुकानात, दुपारी

अभ्यासाचं वेळापत्रक उद्यापासून.

'रिपीटर'चं अपडेट आलं. आप्पांना सांगून काच बदलून घेतली होती, त्यामुळे सगळं स्वच्छ दिसतं. दणक्या काढून टाकलाय. रसवंतीवर येत नाही, मेसमध्ये येत नाही. वीस मिनिटांत अक्षरा हो म्हणते. तीन वेळा खेळलो. प्रत्येक वेळी गंजगोलाईत थांबून राहिलो, उशिरा येईल म्हणून. आला नाही. अक्षरा मला काही विचारतही नाही, सरळ हो म्हणते.

शहेबाजला मिस्ड कॉल मारला. त्याने कट केला. परत मारला. स्विच ऑफ.

समोर बादली होती, पत्र्याची, पाण्याने भरलेली. उठलो. पायही मागे घेतला. मग पाय खाली ठेवला आणि जागेवर येऊन बसलो.

कोणी बघितलं नाही.