धाकटीच्या किल्ल्या

४ जून

धाकटीला त्या लांबच्या कॉलेजात जागा मिळाली. दोन वर्षं तिकडेच राहायचं! नाचत घरी आली. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे म्हणे. मी आईला औषध देत होते, त्यामुळे तोंड वळवायची सोय झाली. म्हटलं, छान.

छान कसलं! ही गेली की आई माझ्या एकटीच्या गळ्यात. आईला आमची नावं आठवत नाहीत, पण दाराला कुलूप नसलं की बाहेर पडायचं मात्र बरोबर आठवतं. मी दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि घरी येऊन राखण करायची. आजवर निदान निम्मं ओझं हिच्या डोक्यावर होतं. आता बाईसाहेब निघाल्या शिकायला. मी हिला न्हाऊमाखू घातलं, ते यासाठी?

९ जून

धाकटी किल्ल्या टेबलावर विसरून आंघोळीला गेली. जन्माची वेंधळी. मी त्या उचलल्या आणि फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवल्या.

का, ते मला पक्कं माहीत आहे. आईचं असंच सुरू झालं होतं. आई तेव्हा माझ्याच वयाची होती, आणि घराच्या किल्ल्या गाजरांच्या खाली सापडल्या होत्या. धाकटी बालवाडीत होती, पण ती गोष्ट तिला पाठ आहे.

संध्याकाळी काकडी काढायला गेली आणि तशीच उभी राहिली. फ्रिजचं दार उघडंच.

"ताई, या मी ठेवल्या?"

मी म्हटलं, "मग काय चालत गेल्या?"

१३ जून

धाकटीने उपाय काढला! आणि तोही नखऱ्याचा. माझ्याकडच्या लाल रेशमी चिंधीचा पट्टा शिवला, आत किल्ली, आणि मनगटाला बांधून कॉलेजात. पोरी म्हणे वेड्या झाल्या. आता व्हिडिओ काढणार आहे — किल्ल्या हरवू नयेत म्हणून काय काय करावं, तेही झोकात. मनगटाचा पट्टा, गळ्यातली साखळी, केसांच्या रुमालाची गाठ, जीन्सच्या आतला चोरखिसा. विशीत कुणाला आईसारखं होत नाही, हे तिलाही कळतं. पण भीतीला वय कुठे कळतं? म्हणून हा सगळा साज.

आंघोळीच्या वेळी पट्टा काढतेच. आज किल्ली बुटात सापडली.

१६ जून

गळ्यातली साखळी. साखरेच्या डब्यात.

१८ जून

व्हिडिओ खूप जणांनी पाहिला. मैत्रिणींचे फोनवर फोन. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! ही मात्र फोन पालथा ठेवून बसली होती. आपलं डोकं ठिकाणावर आहे ना ते बघायला बोटांवर वार मोजत होती, सोमवार, मंगळवार... मला बघून थांबली. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटत नाही, वाटलं तर वाटलं.

दुकानात मालक डाफरला. एकच पँट मी दोनदा आखूड केली म्हणे. गिऱ्हाईकच खोटारडं असणार.

२१ जून

आज चोरखिशाची पाळी. सकाळी ती आंघोळीला गेल्यावर जीन्स घेतली, खिशाची शिवण खालून उसवली, किल्ली काढली, पुन्हा शिवून टाकलं. वीस वर्षं हेच करते आहे, हात बसलाय.

शेजारच्या काकू सकाळभर आईजवळ बसतात आणि दुपारी बाहेरून कुलूप दाबून जातात. मग धाकटी येते. मी दुकानातून लवकर निघाले आणि वरच्या मजल्याच्या पायऱ्यांवर थांबले. धाकटी आली. खिशात हात घातला. पुन्हा घातला. खिसा उलटा करून पाहिला — शाबूत, आणि रिकामा. मग खालीच बसली.

आतून आई दार बडवायला लागली.

"आई, मी आहे गं."

"मी म्हणजे कोण?" आई म्हणाली.

ती दाराला कपाळ टेकून रडत होती. हिची किल्ली, माझी किल्ली, दोन्ही माझ्या पर्समध्ये. मी लगेच गेले नाही. चांगलं रडू दिलं. मग खाली उतरले, आत्ताच आल्यासारखा चेहरा केला, कुलूप उघडलं आणि तिला तोंडाला येईल ते बोलले. आईने गॅस चालू ठेवला असता तर? आईला मारायची होती का? ती कपडे बदलून आली. जीन्स मांडीवर घेऊन खिशावरून बोट फिरवत बसली.

२५ जून

"ताई, मला काहीतरी होतंय. अशी मी कुठे जाऊ लांब?"

जागा नको म्हणून कळवते म्हणाली. मी तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, मी आहे ना. जिंकले! आज किती दिवसांनी जेवण गोड लागलं. आता बास. किल्ल्यांना हात लावायचा नाही.

२९ जून

दुकानातून आले तर पर्समध्ये किल्ल्या नाहीत. बेल वाजवली. धाकटीने दार उघडलं, थेट फ्रिजकडे गेली आणि भाजीच्या कप्प्यातून माझा जुडगा काढून माझ्या हातावर ठेवला. गार पडला होता. मी भडकले. म्हटलं, सूड उगवतेस?

"सकाळी तूच ठेवलास, ताई. मी इथेच बसले होते. वाटलं, नेहमीसारख्या माझ्याच किल्ल्या लपवतेयस." मग म्हणाली, "चोरखिशाचा टाका तुझा होता. तेव्हाच ओळखला. जागा नको म्हणाले, ते तू थांबावंस म्हणून."

कॉलेजला तिने होच कळवलंय. परवा निघते. मनगटावरचा लाल पट्टा सोडला, माझ्या किल्ल्या त्यात अडकवल्या आणि माझ्या हाताला घट्ट गाठ मारली. म्हणाली, ठेव, आता तुला लागेल. आई बाजूला बसून हसत होती.

सकाळचं मला काहीच आठवत नाही.