तळेकरांच्या बंद दारातला भुऱ्या

चारकोप

ती. आईस,

लांबूनच पाया पडते. आम्ही सगळे बरे आहोत. तुझं गुडघ्याचं तेल संपलं का?

शेजारचे तळेकरकाका वारल्याचं फोनवर सांगितलंच होतं. मुलांनी दिवस उरकले, घराला कुलूप लावलं आणि त्यांच्या भुऱ्या कुत्र्याला जिन्यातच सोडून गेली. तो चार दिवस त्या दारासमोर बसून होता. अन्नाला तोंड लावेना. बरगड्या दिसायला लागल्या गं.

मग आठवलं, काका त्याच्यापुढे भाकरी ठेवून गमतीने गावच्यासारखं गाऱ्हाणं घालायचे. काल दुपारी मीही घातलं, "बा देवा, ह्या मुक्या जीवाक खावची बुद्धी दी रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला साथ म्हणून "व्हय म्हाराजा" म्हणायला जिन्यात कुणीच नव्हतं. ते कुलूपबंद दाराच्या आतून आलं.

भुऱ्याने शेपटी हलवली आणि थाळी चाटूनपुसून संपवली.

तुझा जावई नितेश म्हणतो, "कायतरीच काय, जिन्यात आवाज घुमतो." घुमत असेल. तू काळजी करू नकोस.

आज भुऱ्याला आपल्या घरात आणलं, पण इथे तो खात नाही. संध्याकाळी त्याला घेऊन पुन्हा त्याच दारात जाईन. आई, एवढं कळव, "व्हय" म्हणणाऱ्यालाही पान वाढू का?

तुझीच,
हेमांगी